लॉस एंजेलिसच्या लाल गाड्या कुणी मारल्या?

लाँगबीचकर (धागाकर्ता)

लॉस एंजेलिसात राहणाऱ्या कुणालाही विचारा, हीच गोष्ट ऐकायला मिळते: इथे एकेकाळी विजेच्या गाड्यांचं जगातलं सर्वांत मोठं म्हणावं असं जाळं होतं आणि मोटार, टायर, तेलवाल्यांनी कट करून ते उखडलं. पुरावा म्हणून टर्मिनल आयलंडच्या भंगारातला १९५६चा फोटो पुढे येतो. लाल डबे एकावर एक रचलेले. तो बघून पोटात तुटतं, नाही असं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९०१ साली हेन्री हंटिंग्टनने पॅसिफिक इलेक्ट्रिक कंपनी काढली, तिच्याच या लाल गाड्या. ४ जुलै १९०२ला लाँग बीचची लाइन सुरू झाली. मग पसाडेना, सांता मोनिका, सॅन पेड्रो, सांता आना, १९१४ला थेट सॅन बर्नार्डिनो. भरात असताना हजार मैलांहून जास्त रूळ, म्हणजे सोळाशे किलोमीटरच्या वर. शेवटची प्रवासी गाडी एप्रिल १९६१मध्ये धावली, तीही लाँग बीचचीच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कटाची गोष्ट मला फार सोयीची वाटते. हे जाळं माणसं ने-आण करून पैसे मिळवायला बांधलेलंच नव्हतं. ते जमीन विकायला बांधलं होतं. जमीन विकून झाली आणि गाड्यांना कुणी वाली उरला नाही.

चूक असेन तर झोडा.

उगाच_एक

चहा टाकलाय. धागा शंभरी गाठणार.

कॉम्रेड_परळ

झोडतो. १९४९ साली शिकागोच्या फेडरल कोर्टात जनरल मोटर्स, फायरस्टोन, स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया, फिलिप्स पेट्रोलियम, मॅक ट्रक्स आणि त्यांच्या पैशावर उभी असलेली नॅशनल सिटी लाइन्स, सगळे दोषी ठरले. ही दंतकथा नाही, निकाल आहे. ही नॅशनल सिटी लाइन्स गावोगावच्या ट्राम कंपन्या विकत घ्यायची आणि तिथे बस आणायची. बस जनरल मोटर्सची, टायर फायरस्टोनचे, तेल स्टँडर्डचं.

दंड किती? कंपन्यांना ५००० डॉलर. जनरल मोटर्सच्या खजिनदाराला १ डॉलर. आणि तुम्ही म्हणता गोष्ट सोयीची. कुणाच्या सोयीची?

लाल_सिग्नल

कॉम्रेड, निकाल खरा आहे, पण तो पुरता वाचावा लागतो. आरोप दोन होते. एक, वाहतूक धंद्यावर मक्तेदारी आणण्याचा कट. त्यातून सगळे सुटले. दुसरा, आपल्या ताब्यातल्या कंपन्यांना बस, टायर आणि तेल आपलंच घ्यायला लावण्याचा कट. त्यात दोषी ठरले.

आणि मुख्य मुद्दा. नॅशनल सिटी लाइन्सने लॉस एंजेलिसात १९४५ साली घेतल्या त्या पिवळ्या गाड्या, म्हणजे लॉस एंजेलिस रेल्वे. ती शहराच्या आत धावणारी ट्राम. लाल गाड्या वेगळ्या कंपनीच्या, मालक सदर्न पॅसिफिक रेल्वे. धाग्याचा विषय लाल गाड्या असेल तर हा आरोपी त्या खोलीत नव्हताच.

लाल गाड्या बंद करायला सुरुवात झाली ती १९३०च्या दशकाच्या अखेरीस. मालकानेच राज्याच्या रेल्वे कमिशनकडे अर्ज करून एकेक मार्ग बसवर टाकला. मध्ये युद्ध आलं म्हणून ती मोहीम थांबली. पेट्रोल आणि टायर रेशनवर, बंदरात जहाजबांधणीचे कारखाने रात्रंदिवस चालू, त्यामुळे १९४४-४५ला गाड्या अशा भरून वाहत होत्या की तशा आधी कधी वाहिल्या नव्हत्या. पण देखभालीवर खर्च कुणी केला नाही. युद्ध संपलं आणि उरले झिजलेले रूळ आणि म्हातारे डबे.

कॉम्रेड_परळ

अर्धंच सांगितलंत. १९५३ला सदर्न पॅसिफिकने प्रवासी धंदा विकला तो मेट्रोपॉलिटन कोच लाइन्सला. तिचा मालक जेसी हॉ. हा माणूस आधी कुठे होता? पॅसिफिक सिटी लाइन्समध्ये. ती कुणाची पिल्लू कंपनी? नॅशनल सिटी लाइन्सची! दारातून नाही, खिडकीतून आले.

लाल_सिग्नल

हॉबद्दल बरोबर. पण १९५३पर्यंत उरलं होतं काय? पसाडेनाची लाइन १९५१ला गेली. सॅन फर्नांडो खोऱ्याची १९५२ला. त्याच्या हातात ताटातलं शेवटचं चतकोर आलं. ते त्याने खाल्लं, हे मान्य.

पसाडेनाकर

आमच्याकडे भारतातून कुणाचे आईवडील आले की एक वारी ठरलेली: सॅन मरिनोची हंटिंग्टन लायब्ररी. गुलाबाची बाग, निवडुंगाची बाग, चिनी बाग, गुटेनबर्गचं बायबल. बाबांना बायबलपेक्षा निवडुंग जास्त आवडला, ते असो. तिथे फिरताना कुणाच्या लक्षात येत नाही की ही ट्रामवाल्याची इस्टेट आहे. म्हणजे खरं तर जमीनवाल्याची.

धागाकर्त्याशी सहमत. हंटिंग्टनचा हिशोब साधा होता. ओसाड रान किंवा संत्र्याच्या बागा स्वस्तात घ्यायच्या, तिथवर रूळ टाकायचे, आणि प्लॉट पाडून विकायचे. त्याच्याकडे जमिनीची वेगळी कंपनी होती, विजेची वेगळी. रेल्वे तोट्यात गेली तरी बिघडत नव्हतं, दुसऱ्या खिशात भर पडत होती. पॅसिफिक सिटी नावाचं एक होतकरू गाव होतं, तिथे १९०४ला रूळ पोचले आणि गावाने नावच बदलून हंटिंग्टन बीच करून घेतलं.

आणि १९११ला तो बाहेर पडला. लाल गाड्या सदर्न पॅसिफिकला दिल्या, पिवळ्या स्वतःकडे ठेवल्या. आणि जमीन? जमीन अर्थातच त्याच्याकडेच राहिली.

लाँगबीचकर

@पसाडेनाकर, नेमकं हेच म्हणायचं होतं. सदर्न पॅसिफिकला यात रस होता तो मालवाहतुकीपुरता. बंदर, तेल, संत्री. प्रवाशांच्या धंद्यात कंपनी क्वचितच नफ्यात असायची, आणि भाडं वाढवायचं तर रेल्वे कमिशनची परवानगी लागायची. प्रवासी गाड्या बंद झाल्यावरही त्या रुळांवर डिझेल इंजिनं माल ओढत होतीच. १९६५ला कंपनी सदर्न पॅसिफिकमध्ये विलीन झाली.

सुमाआजी

मी एरवी इथे पाककृतीच वाचते, पण ट्राम दिसली म्हणून आत आले. आमचं बालपण दादरला गेलं. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ला, बोरीबंदर ते दादर. माणसांची ही झुंबड. आमचे भाऊ लोंबकळत गेले होते, मला सोडलं नाही त्याचा राग अजून आहे.

मुंबईची ट्राम बंद झाली तेव्हा कटबिट काही कुणी बोललं नाही. ट्राम बेस्टची, बस पण बेस्टची. रस्त्यात गर्दी वाढली, ट्राम मध्येच अडकून बसायची, तिला बाजूला घेता येत नाही. लोकच म्हणायला लागले होते की बस बरी. वडील मात्र ट्रामनेच जायचे. म्हणायचे, पेपर वाचून होतो.

तिरपागडा

आजी, तुमच्या वडिलांना आजच्या सायन उड्डाणपुलावर सोडलं तर दिवाळी अंक वाचून होईल.

काळाचौकी

आजींच्या प्रतिसादात या धाग्याचं अर्धं उत्तर आहे. ‘मध्येच अडकून बसायची.’

लाल गाड्यांचं दुखणं हेच. शहराबाहेर त्यांचा स्वतंत्र मार्ग होता. वॉट्सपर्यंत तर चार रूळ, जलद-धीमे वेगळे, आपल्या मध्य रेल्वेसारखे. तिथे गाडी सुसाट. पण शहराच्या पोटात शिरली की शेवटचे काही मैल सरळ रस्त्यावरून, मोटारी आणि पिवळ्या ट्रामच्या गर्दीतून. पिवळ्या गाड्यांचे रूळ साडेतीन फुटी, लाल गाड्यांचे पूर्ण गेजचे, म्हणून काही रस्त्यांवर तीन-तीन रूळ टाकलेले. मोटारी वाढल्या तशा गाड्या उशिरा येऊ लागल्या. गाडी उशिरा येते म्हणून माणूस मोटार घेतो, आणि त्याची मोटार त्याच गाडीच्या पुढ्यात उभी राहते.

यावर उपाय शोधला नव्हता असं नाही. १९२५ला एक मोठा आराखडा आला, भुयारी आणि उन्नत मार्गांचा. त्यातला एकच तुकडा कंपनीने स्वतः बांधला: हिल स्ट्रीटच्या स्थानकापासून सुमारे मैलभराचा बोगदा, डिसेंबर १९२५ला सुरू. हॉलिवूड आणि ग्लेंडेलच्या गाड्यांचा बराच वेळ वाचला. बाकी आराखडा कागदावर राहिला. १९२६ला मतदान झालं. एका बाजूला रेल्वे कंपन्यांची उन्नत मार्गांची योजना, दुसऱ्या बाजूला सगळ्यांसाठी एकच मोठं युनियन स्टेशन. लॉस एंजेलिस टाइम्सने उन्नत मार्गांविरुद्ध रान उठवलं: अंधार होईल, आवाज होईल, शहर विद्रूप होईल. लोकांनी स्टेशनला मत दिलं. तेही उभं राहायला १९३९ उजाडलं.

आता मुंबई बघा. त्याच १९२५च्या ३ फेब्रुवारीला बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची लोकल धावली, हार्बरवरून. डॉकयार्ड रोड ते सँडहर्स्ट रोडचा पट्टा आठवा. कुठून जाते गाडी? लोकांच्या खिडक्यांसमोरून, वरून! विद्रूप? असेल. पण गाडी रस्त्यात अडकत नाही. मुंबईची ट्राम मेली आणि लोकल जगली, त्याचं कारण माझ्या मते एवढंच आहे. लोकलचा मार्ग थेट बोरीबंदर आणि चर्चगेटपर्यंत तिचा स्वतःचा आहे.

लाल_सिग्नल

काळाचौकी, दंडवत! हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका.

पुस्ती: तो बोगदा जून १९५५ला बंद झाला. नंतर तिथे नागरी संरक्षणवाल्यांनी अणुयुद्धासाठी म्हणून खाण्याचे डबे साठवले होते. वरच्या इमारतीत आता लोक भाड्याने राहतात.

मोटारवाला

सगळे हंटिंग्टन, सदर्न पॅसिफिक, जनरल मोटर्स करताय. प्रवाशांना कुणी विचारलं का? लोकांना मोटार हवी होती, बास. १९२० साली लॉस एंजेलिस नगरपालिकेने गाड्यांची वाट मोकळी राहावी म्हणून शहराच्या मध्यभागी दिवसा पार्किंग बंद केलं. काय झालं? दुकानदारांनी बोंब मारली, क्लारा किंबॉल यंग या सिनेनटीने मोटारींचा मोर्चा काढला, आणि काही आठवड्यांतच नियम सैल झाला. तेव्हा नॅशनल सिटी लाइन्स जन्मालाही आली नव्हती.

मी स्वतः रोज पंचेचाळीस मिनिटं फ्रीवेवर असतो. शिव्या घालतो, पण मोटार सोडत नाही. तेव्हाचा माणूस माझ्याहून वेगळा असेल असं मानायचं कारण नाही.

कॉम्रेड_परळ

@मोटारवाला, ‘लोकांना हवी होती’ हे वाक्य फार स्वस्त आहे. रस्ता सरकारने बांधून दिला, फुकट. रेल्वेने मात्र रूळ स्वतः टाकायचे, दुरुस्त करायचे, त्यावर कर भरायचा. १९४०ला पसाडेनाचा आरोयो सेको पार्कवे खुला झाला, तो सार्वजनिक पैशातूनच ना? एका पैलवानाला खुराक द्यायचा, दुसऱ्याला उपाशी ठेवायचं, आणि कुस्ती झाल्यावर म्हणायचं की लोकांनी निवडला.

आणि हो, रूळ टाकले कुणी याचा अजून कुणी उल्लेख केला नाही. मेक्सिकन मजुरांनी. १९०३च्या एप्रिलमध्ये मेन स्ट्रीटवर रूळ टाकणाऱ्या मजुरांनी पगारवाढीसाठी संप केला, हंटिंग्टनने तो मोडून काढला. वॉट्समध्ये सुरुवातीला राहायला आले ते यांच्यातलेच पुष्कळ. बागेतला निवडुंग बघताना हेही आठवा.

पसाडेनाकर

आठवेन. निवडुंगाला पाणी न घालता.

काळाचौकी

कॉम्रेडचा सार्वजनिक पैशाचा मुद्दा मात्र पटतो. सर्वांत वाईट उदाहरण काहुएंगा खिंडीचं. १९४०ला तिथे नवा मोटाररस्ता केला तेव्हा मधोमध लाल गाड्यांसाठी जागा ठेवली होती. दोन्ही बाजूंनी मोटारी, मध्ये गाडी, रस्त्यावरच्या कोंडीशी संबंध नाही. हीच गोष्ट सगळ्या फ्रीवेंवर केली असती तर? केली नाही. १९५२च्या डिसेंबरात ती लाइन बंद केली आणि मधली जागाही मोटारींना देऊन टाकली.

ओसाकाकर

जपानमधून थोडं वेगळं. जमीन विकण्यासाठी रेल्वे बांधणं हे पाप आहे असं काहींच्या बोलण्यात येतंय, ते मला पटत नाही. आमच्या इथल्या हांक्यू रेल्वेनेही तेच केलं. १९१०ला ओसाकाहून निघून शेताडीत जाणारी लाइन. लोक हसायचे. कोबायाशी इचिझोने लाइनच्या कडेला घरं बांधून हप्त्याने विकली. पण तो तिथे थांबला नाही. लाइनच्या त्या टोकाला ताकाराझुकाला करमणुकीची सोय केली, मुलींची नाटकमंडळी काढली, तिचा पहिला प्रयोग १९१४चा. या टोकाला, उमेदा स्टेशनात, १९२९ला डिपार्टमेंट स्टोअर. म्हणजे सकाळी गाड्या शहराकडे भरलेल्या, आणि सुट्टीच्या दिवशी उलट्या दिशेनेही भरलेल्या.

फरक हा की हांक्यूने जमीन विकूनही हात काढून घेतला नाही. स्टेशनभोवतीची कमाई कंपनीकडेच राहिली, आणि ती कमाई टिकायची तर गाडी वेळेवर धावणं भाग होतं. हंटिंग्टनने एकदाच पीक काढलं. धागाकर्त्याचं ‘वाली उरला नाही’ हे बरोबर आहे, पण दोष जमीन विकण्यात नाही, विकून निघून जाण्यात आहे.

लाँगबीचकर

ओसाकाकर, मस्त. माझं वाक्य दुरुस्त करून घेतो: जमीन विकायला बांधली आणि विकणारा निघून गेला.

बाहेरख्याली_बिल्डर

आमच्या पुण्यात आधी स्कीम विकतात, मग मेट्रोचं चित्र काढतात. गाडी राहिली बाजूला, आम्ही चित्र विकून निघून जातो. कंपनीचं नाव विचारू नका.

उगाच_एक

वरच्या आयडीला साष्टांग.

मिनू_आर्टिशिया

एवढ्या चर्चेत आर्टिशिया कुणाला आठवू नये? इडली रवा, चितळ्यांची बाकरवडी आणि पोळीचं पीठ आणायला दर महिन्याला पायोनियर बुलेव्हार्डला येता ना सगळे? तिथून जो तिरका रिकामा पट्टा जातो, घरांच्या रांगा कापत, तो काय आहे असं मला कायम वाटायचं. नकाशावर बघितलं तर सरळ रेषेत सांता आनाकडे!

लाल_सिग्नल

@मिनू_आर्टिशिया, ती लाल गाड्यांचीच सांता आना लाइन. आणि गंमत म्हणजे मेट्रोची नवी साउथईस्ट गेटवे लाइन त्याच पट्ट्यावरून आखली आहे, शेवटचं स्टेशन पायोनियर.

तशीच लाँग बीचची. १४ जुलै १९९०ला ब्लू लाइन सुरू झाली ती बहुतेक जुन्याच मार्गावर. सांता मोनिकाची लाइनही जुन्या एअर लाइनच्या (हाही लाल गाड्यांचाच एक मार्ग) पट्ट्यावर, २०१२ला कल्व्हर सिटीपर्यंत आणि २०१६ला समुद्रापर्यंत. २०२३ला शहराच्या मध्यातला नवा बोगदा झाला आणि आता लाँग बीचहून गाडी न बदलता पसाडेनाच्याही पुढे जाता येतं. काळाचौकी म्हणतात तो शेवटच्या मैलांचा प्रश्न सुटायला १९२५ ते २०२३ एवढा काळ गेला.

मोटारवाला

आणि तरीही वॉशिंग्टन बुलेव्हार्डवर ती लाल दिव्याला मोटारींबरोबर उभी असते. मी शेजारच्या लेनमधून हात करतो.

काळाचौकी

😀 हे मात्र खरं आहे. बोगदा झाला तरी तो रस्त्यावरचा तुकडा तसाच ठेवला. शंभर वर्षांत एवढं शिकलो.

सुमाआजी

मग त्या लाल गाड्या सगळ्याच भंगारात गेल्या का रे? आमच्या ट्रामचं तर काहीच राहिलं नाही, रस्ता खोदला की कधीमधी रूळ वर येतात तेवढे.

लाल_सिग्नल

नाही आजी. काही डबे अर्जेंटिनाला विकले, ब्वेनोस आयरेसच्या उर्किसा लाइनवर ते पुढे बरेच धावले. आणि थोडे रेल्वेवेड्या लोकांनी वाचवले. पेरिस नावाचं गाव आहे इथे रिव्हरसाइड काउंटीत, तिथल्या संग्रहालयात लाल आणि पिवळ्या दोन्ही आहेत, शनिवार-रविवारी चालवतातही.

कॉम्रेड_परळ

मी अजून माझ्या मतावर ठाम आहे, नोंद असावी. लाल गाड्या मालकाने मारल्या म्हणा, पण पिवळ्या १९४५ला कुणाच्या घशात गेल्या हे वर लाल_सिग्नलनेच लिहिलंय. त्यांची शेवटची गाडी ३१ मार्च १९६३ची. शहराच्या आत कामगार त्यानेच जायचा. धाग्याचं शीर्षक ‘लाल गाड्या’ ठेवलं की कट आपोआप नाहीसा होतो.

लाँगबीचकर

ही मात्र नेमकी पकड आहे. पिवळ्यांवर वेगळा धागा काढा, मी भांडायला येतो.

सुमाआजींच्या प्रश्नावरून सुचलं: पेरिसला एखाद्या रविवारी कट्टा करायचा का? मिनू, बाकरवडी तुझ्याकडे.

मिनू_आर्टिशिया

चालेल. फक्त जून-जुलै नको, त्या बाजूला ऊन भाजून काढतं आणि डब्यांना एसी नसणार.

मोटारवाला

मी येतो. चार जणांची जागा आहे मोटारीत, कॉम्रेडना पुढच्या सीटवर घेईन.

कॉम्रेड_परळ

पेट्रोलचे पैसे मी देणार नाही.